नऊशेची की साडेपाचशेची? टेक्सासातल्या धाकट्या भावाची पहिली रायफल

पत्र : माझा धाकटा भाऊ दोन वर्षांपासून टेक्सासमध्ये, सॅन अँटोनिओजवळ, एच-१बी व्हिसावर नोकरीला आहे. ऑफिसातले मित्र नोव्हेंबरात हरणाच्या आणि वर्षभर रानडुकरांच्या शिकारीला जातात. आता यालाही बोल्ट-ॲक्शन (दर गोळीनंतर बोल्ट हाताने मागे-पुढे करून भरायची) रायफल घ्यायची आहे. दुकानदाराने तीन दाखवल्या : स्कोपसकट (नेम धरायच्या दुर्बिणीसकट) साडेचारशे डॉलरची सॅवेज ॲक्सिस, साडेपाचशेची रुगर अमेरिकन आणि पावणेनऊशेची टिक्का टी३एक्स लाइट. सगळं मिळून बाराशेच्या वर जायचं नाही, असं भावजयीने बजावलंय. मी कॉलेजात एनसीसीत पॉइंट टू-टू चालवली होती, एवढ्यावर तो मला विचारतोय! त्याची उंची पाच फूट पाच इंच, तो डावखुरा आहे आणि घरात सहा वर्षांचा मुलगा आहे. आणखी एक : मोहोळ तालुक्यात आमचा ऊस आहे, डुकरं रात्रीत सरीच्या सरी आडव्या करतात. जानेवारीत तो गड्ड्याला (सिद्धेश्वराच्या यात्रेला) येणार आहे, तेव्हा ती रायफल इकडे आणता येईल का? – एक वाचक, विजापूर रोड, सोलापूर

उत्तर : रायफल कुठली ते नंतर बघू. दुकानाची पायरी चढायच्या आधी तुमच्या भावाने २५ डॉलरचा एक कागद काढायचा आहे. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याप्रमाणे एच-१बी, एल-१, एफ-१ अशा तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला बंदूकच काय, काडतूसही जवळ बाळगता येत नाही. याला जे मोजके अपवाद आहेत, त्यातला तुमच्या भावाच्या कामाचा एकच : तिथल्या एखाद्या राज्याचा, मुदतीत असलेला शिकार परवाना. ग्रीन कार्ड आलं की ही अट सुटते. तोवर परवाना हवाच.

घोळ होतो तो इथेच. टेक्सासमध्ये २०१९ पासून खासगी जमिनीवर, मालकाच्या परवानगीने, रानडुक्कर मारायला शिकार परवाना लागत नाही. त्यामुळे तिथे जन्मलेले मित्र सहज म्हणून जातात, "अरे, डुकरांना कुठला परवाना!" त्यांच्यापुरतं ते खरं आहे. तुमच्या भावाला परवाना लागतो तो डुकरासाठी नाही, रायफल हातात धरण्यासाठी. रेंजवर भाड्याची किंवा मित्राची रायफल दहा मिनिटं चालवून बघणं हेसुद्धा कायद्याच्या लेखी 'बाळगणं'च. म्हणजे "आधी मित्राची चालवून बघतो, आवडली तर परवाना काढतो" हा क्रम उलटा आहे.

टेक्सासात सलग सहा महिन्यांहून जास्त राहिलेल्याला रहिवाशाच्या दराने, २५ डॉलरमध्ये परवाना मिळतो. तो कधीही काढला तरी ३१ ऑगस्टला संपतो, आणि संपल्यावर घरातल्या कपाटात पडून असलेली रायफलही अडचणीची ठरते. नव्या वर्षाचे परवाने साधारण १५ ऑगस्टला विक्रीला येतात. झेंडावंदनाचा दिवस, लक्षात ठेवायला सोपा. शिवाय २ सप्टेंबर १९७१ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या शिकाऱ्याला तिथे हंटर एज्युकेशनचा कोर्स करावा लागतो. १७ वर्षं किंवा त्यावरच्यांना तो ऑनलाइन करता येतो. दुकानात फॉर्म ४४७३ (बंदूक खरेदीचा केंद्रीय फॉर्म) भरताना सोबत परवाना, पासपोर्ट, आय-९४ (अमेरिकेतल्या प्रवेशाची नोंद) वरचा नंबर आणि टेक्सासचा पत्ता असलेलं ओळखपत्र ठेवायचं.

आता रायफल. आमचं मत आधीच सांगतो : रुगर घ्या, आणि वाचलेले तीनेकशे डॉलर स्कोपवर, काडतुसांवर आणि सरावावर घाला. टिक्का वाईट म्हणून नाही. तिघींत ती सरसच आहे. पण तिच्यात जादा पैसे ज्या गोष्टींचे पडतात, त्या पहिल्या वर्षी तुमच्या भावाच्या हाताला कळायच्याही नाहीत.

लोकांना वाटतं की महाग रायफल जास्त अचूक मारते. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी यात बरंच तथ्य होतं. आता नळ्या संगणकावर चालणाऱ्या यंत्रांवर निघतात. सॅवेजने १९५८ पासून आपल्या ११० मॉडेलला नळी बसवायला नटाची पद्धत वापरली, तीच रुगर अमेरिकनलाही आहे. नळी आट्यांवर फिरवून काडतुसाच्या खोबणीचं अंतर गेजने अचूक लावायचं आणि नट आवळायचा. हाताने घासत बसणारा कारागीर लागत नाही. खर्च वाचतो तो इथे, नळीच्या पोलादात नाही. म्हणून आज साडेपाचशेची रायफलसुद्धा चांगल्या काडतुसावर १०० यार्डांना (९१ मीटर) तीन गोळ्या एक ते दीड इंचात ठेवते. टिक्का इंचाच्या आत ठेवेल. हरणाचं काळीज-फुप्फुसाचं क्षेत्र साधारण आठ इंच, म्हणजे एखाद्या लहान भाकरीएवढं. टेक्सासात बहुतेक शिकार मचाणावरून, दोनशे यार्डांच्या आत होते. दीड इंचवाली रायफल दोनशे यार्डांवर तीन इंच पसरते. भाकरीच्या आत पुष्कळ जागा शिल्लक राहते, आणि ती सगळी खाऊन टाकायला नवशिक्याचा थरथरणारा श्वास पुरेसा असतो.

मग तीनशे डॉलर जातात कुठे? मुख्यतः दस्त्यात (नळीखालून खांद्यापर्यंतचा, रायफल धरायचा भाग) आणि बोल्टमध्ये.

दस्त्याचं नीट समजून घ्या, कारण स्वस्त रायफल दगा देते ती इथूनच. या तिन्ही रायफलींचे दस्ते प्लॅस्टिकचेच, साच्यातून काढलेले. नळी दस्त्याच्या पुढच्या भागाला कुठेही टेकू नये, तिच्याभोवती फट हवी. कारण गोळी सुटताना नळी थरथरते आणि ती थरथर दर वेळी सारखी झाली तरच गोळी त्याच जागी जाते. स्वस्त दस्त्याचा पुढचा भाग आतून पोकळ, फक्त पातळ पट्ट्यांवर उभा असतो. तो लवतो. रेंजवर सँडबॅग मॅगझिनजवळ (काडतुसांच्या पेटीजवळ) ठेवून मारलं तर गोळ्या छान एकत्र बसतात. तीच रायफल मचाणाच्या खिडकीच्या कठड्यावर अगदी टोकाला टेकवली, वरून गालाचा भार दिला, की दस्ता वाकून नळीला टेकतो आणि गोळी बाजूला जाते. माणूस म्हणतो, स्कोप हलला. स्कोप जागेवरच असतो, हलतो दस्ता. सोलापुरात यंत्रमागावर हात काळे केलेल्या कुणालाही हे पटेल : मागाची बैठक जराशी बिघडली की धोटा उडतो, त्यात धोट्याचा दोष नसतो.

दुकानात याची परीक्षा दोन मिनिटांची आहे. काउंटरवरच्या माणसाकडून रायफल रिकामी असल्याची खात्री करून घ्यायची, बोल्ट उघडा ठेवायचा. एक नोट नळी आणि दस्ता यांच्या फटीत घालून टोकापासून चेंबरपर्यंत (काडतूस बसतं त्या जागेपर्यंत) सरकवायची. अडली तर तिथे नळी टेकते आहे. सरकली तर दुसरी पायरी : पुढचा दस्ता आणि नळी एका मुठीत धरून दाबायची. फट सहज बंद होत असेल तर कठड्यावरही ती बंद होणार. ॲक्सिसचा दस्ता या परीक्षेत बहुधा लवतो, रुगरचा कमी, टिक्काचा त्याहून कमी. रुगरमध्ये ॲक्शन (बोल्ट ज्यात चालतो तो मधला पोलादी भाग) पोलादी व्ही-ठोकळ्यांवर बसते, त्यामुळे टोक लवलं तरी मूळ बैठक हलत नाही. टिक्कामध्ये दस्त्यात पोलादी लग (धक्का झेलणारा ठोकळा) बसवलेला असतो आणि ॲक्शनच्या खालची खाच त्यावर घट्ट बसते. रुगर घेतली तर नियम एकच पाळायचा : टेकू नेहमी मॅगझिनच्या लगेच पुढे, टोकाला कधीच नाही. पट्टा ताणून हाताभोवती गुंडाळून मारायची सवय लागली तरी हाच दोष येतो, तेव्हा तेही टाळायचं. हे एवढं सांभाळलं तर दस्त्यातला फरक बराचसा फुकटात भरून निघतो.

बोल्टचा फरक मात्र सांभाळून भरून निघत नाही. टिक्काचा बोल्ट लोण्यातून सुरी जावी तसा चालतो. रुगरचा मागे ओढल्यावर खुळखुळतो आणि पुढे ढकलताना तिरका जोर लागला तर क्षणभर अडखळतो. तो बंद पडण्याचा दोष नाही. शे-दोनशे वेळा रिकामा चालवला, बोल्टच्या लगांवर (तो बंद झाल्यावर अडकवून धरणाऱ्या दातांवर) बोटाच्या टोकाएवढं ग्रीस लावलं, की बराच सुधारतो. रुगरचा बोल्ट तीन लगांचा आणि टिक्काचा दोन लगांचा, पण दोन्हींचा दांडा ७० अंशच उचलावा लागतो, ॲक्सिसचा ९०. वीस अंशांनी काय होतं? स्कोपचं भिंग जरा जाड असलं की ९० अंशवाल्या दांड्याला बोटं घासतात. नवशिका दुसरा राउंड घाईत भरताना बोल्ट पूर्ण मागे न नेताच पुढे ढकलतो. मग मॅगझिनमधलं काडतूस उचललंच जात नाही आणि चाप ओढल्यावर नुसता 'टक' आवाज येतो. यावर उपाय : बोल्ट मागे नेताना थांब्याला आपटल्याचा आवाज यायलाच हवा, हे घरी रिकाम्या रायफलीवर हातात बसवायचं.

भाऊ डावखुरा आहे, ही तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ. तरी आधी डोळा तपासा. दोन्ही हातांच्या पंजांचा त्रिकोण करून, दोन्ही डोळे उघडे ठेवून, भिंतीवरचं घड्याळ त्या भोकात धरायला सांगा. मग एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्याने घड्याळ भोकातच राहतं, तो नेम धरणारा डोळा. लिहिण्या-जेवण्यात डावखुऱ्या माणसाचा हा डोळा उजवा निघाला तर उजव्या खांद्यावर शिकणं नवशिक्याला जड जात नाही, आणि मग दुकानातली कुठलीही रायफल चालते. डोळाही डावा निघाला तर डाव्या बोल्टचीच घ्यावी. उजव्या बोल्टची रायफल डाव्या खांद्यावरून चालवली तर दर राउंडला हात स्कोपवरून पलीकडे न्यावा लागतो. शिवाय काडतूस कधी फुटलंच तर वायू बाहेर पडायची वाट तोंडाच्या बाजूला येते. रुगर आणि टिक्का दोघीही डाव्या बोल्टच्या रायफली काढतात, पण प्रत्येक कॅलिबरमध्ये (काडतुसाच्या मापात) नाही, आणि दुकानात त्या क्वचित टांगलेल्या असतात. मागवाव्या लागतात, वाट बघावी लागते. म्हणून आधी डावा बोल्ट कशात मिळतो ते विचारायचं, रंग आणि कॅलिबर मागाहून.

उंचीचंही तसंच. चापापासून दस्त्याच्या मागच्या रबरापर्यंतचं अंतर पाच फूट पाच इंचांच्या माणसाला साधारण तेरा ते साडेतेरा इंच बरं पडतं. मोजायची साधी रीत : कोपर काटकोनात वाकवून दस्ता कोपराच्या खळीत ठेवायचा, तर्जनीचं पहिलं पेर चापावर आरामात आलं पाहिजे. टिक्काचा दस्ता चौदा इंचांच्या वर जातो, त्याला तो लांब पडेल. मान ताणून भिंग शोधावं लागेल. रुगरच्या जनरेशन टू मॉडेलमध्ये मागचा ठोकळा काढून हे अंतर पावणेचौदावरून बारापर्यंत आणता येतं. तुमच्या भावाच्या बाबतीत तीनशे डॉलर वाचण्याइतकंच हेही रुगरच्या बाजूचं कारण आहे.

चाप : रुगरचा ३ ते ५ पाउंडांत, टिक्काचा २ ते ४ पाउंडांत बसवता येतो. नवशिक्याला तीनच्या खाली जायची गरज नाही. ॲक्सिसचं जुनं साधं मॉडेल ॲक्युट्रिगरशिवाय (सॅवेजच्या हलका करता येणाऱ्या चापाशिवाय) यायचं, त्याचा चाप जड होता. घ्यायचीच तर ॲक्युट्रिगरवाली.

मॅगझिन तिन्हींची साधी. टिक्काचं जादा मॅगझिन महाग पडतं, हे दुकानदार आपणहून सांगत नाही. सेफ्टीमधला (चाप अडवणाऱ्या कळीमधला) एक फरक मात्र माहीत हवा. टिक्काची सेफ्टी लावली की बोल्टही बंद होतो. झुडपांतून चालताना बोल्ट आपोआप उघडत नाही हा फायदा, पण चेंबरमधलं काडतूस काढायचं तर आधी सेफ्टी सोडावी लागते. त्या क्षणी नळी कुठे आहे आणि बोट कुठे आहे, यावर सगळं असतं.

कॅलिबरवर लोक रात्र-रात्र वाद घालतात. आम्ही दोन ओळींत संपवतो. .३०८ विंचेस्टर १९५२ चं, कुठल्याही गावच्या दुकानात मिळतं. ६.५ क्रीडमूर २००७ चं, धक्का स्पष्ट कमी. तीन किलोची हलकी रायफल आणि मध्यम बांध्याचा नवशिका म्हटल्यावर ६.५ घ्यावी, १४० ग्रेन (गोळीच्या वजनाचं माप) च्या आसपासची गोळी. दोनशे यार्डांवर हरणाला किंवा डुकराला यातला फरक कळत नाही. खांद्याला कळतो, आणि धक्क्याला घाबरून डोळे मिटणारा माणूस हजार डॉलरच्या रायफलीनेही चुकतो.

आता ती स्कोपसकट साडेचारशेची ॲक्सिस. तिचा मोह टाळा. स्कोपसकट पॅकेजमध्ये पैसे कापलेले असतात ते भिंगात. दिवसा उजेडी दुकानात सगळीच भिंगं स्वच्छ दिसतात. टेक्सासात हरणावर गोळी चालवायची कायदेशीर वेळ सूर्योदयाआधी अर्धा तास ते सूर्यास्तानंतर अर्धा तास. आणि हरीण उघड्यावर येतं ते नेमकं त्या कडेच्या वेळेला. स्वस्त भिंगात तेव्हा शिंगं आणि फांदी यांतला फरक दिसत नाही. शिवाय अशा स्कोपचे क्लिक (नेम सरकवायच्या चकतीचे टप्पे) फसवे निघतात : चार क्लिक फिरवले तर काहीच होत नाही, पाचव्याला एकदम दोन इंच उडी. म्हणून ३-९×४० चा (तीन ते नऊ पटींचा, ४० मिलिमीटर भिंगाचा) एक साधा, भरवशाच्या कंपनीचा, अडीचशे डॉलरपर्यंतचा स्कोप वेगळा घ्यायचा. पंचवीस पटींचा मोठा स्कोप नको, मचाणावर तो ओझं होतो.

आणि तो स्कोप दुकानात बसवून दिलेला असला तरी स्वतः तपासायचा. "रायफल बिघडली" म्हणून परत आणलेल्या रायफलींत सैल स्क्रू हे नेहमीचं कारण असतं. रुगरवर स्कोपची पट्टी कारखान्यातूनच लावलेली येते. तरी तिचे स्क्रू तपासायचे. स्कोपच्या रिंगांचे वरचे स्क्रू १५ ते १८ इंच-पाउंडांवर (आवळण्याच्या जोराचं माप), कोपऱ्याकोपऱ्याने, आळीपाळीने, दोन्ही बाजूंची फट सारखी ठेवत आवळायचे. अंदाजाने पिळले तर स्कोपची नळी दबते आणि आतली भिंगं अडकतात. म्हणून इंच-पाउंड दाखवणारा स्क्रूड्रायव्हर चाळीस-पंचेचाळीस डॉलरला घ्यायचाच. ॲक्शनचे स्क्रू किती आवळायचे ते प्रत्येक कंपनीच्या पुस्तिकेत वेगळं दिलेलं असतं. एकीचा आकडा दुसरीला लावू नका. डोळा आणि भिंग यांत नऊ सेंटिमीटरच्या आसपास अंतर राहील असा स्कोप पुढेमागे सरकवून मगच रिंगा आवळायच्या. अंतर कमी राहिलं तर धक्क्याने स्कोपची कडा भुवईत घुसते. तीन टाके पडतात आणि वर्षभर मित्र हसतात.

हिशेब मांडतो. रायफल ५५०, स्कोप २५०, रिंगा ५०, स्क्रूड्रायव्हर ४५, कानाचे मफ आणि चष्मा ४०, कुलपाची केस ४०, सरावाच्या काडतुसांचे तीन डबे २२ च्या दराने ६६, शिकारीच्या काडतुसांचा एक डबा ४४. एका डब्यात वीस राउंड. झाले १०८५. सॅन अँटोनिओत विक्रीकर ८.२५ टक्के, म्हणजे आणखी साडेएकोणनव्वद. परवान्याचे २५. एकूण ११९९ डॉलर ५१ सेंट. भावजयीचं म्हणणं राखलं गेलं. रेंजची आणि कोर्सची फी तेवढी वेगळी मागावी लागेल. आता हेच टिक्काने करून बघा : ८७५ ची रायफल करासह ९४७, परवाना धरून ९७२. उरलेल्या सव्वादोनशेत स्कोप, रिंगा, मफ, काडतुसं सगळं बसवायचं. मग कात्री लागते ती काडतुसांना, आणि माणूस वीस राउंड मारून मचाणावर चढतो.

टिक्का कुणी घ्यावी? जो महिन्यातून दोनदा रेंजवर जातो, डोंगर चढून शिकार करतो, रायफल पंधरा वर्षं वापरणार आहे, त्याने. किंवा वापरलेली, डाव्या बोल्टची, सहाशेच्या आत मिळाली तर तुमच्या भावानेही, दस्त्याची लांबी जमवून. पण तीही परवानाधारक दुकानातूनच, कागदांवर. ओळखीच्या माणसाच्या गाडीच्या डिकीतून नाही.

रायफल घरी आली की पहिली गोळी मारायच्या आधी नळीतून कोरड्या चिंध्या दोन-तीनदा ओढायच्या. कारखान्यातलं गंजरोधक तेल आत असतं. नळीवर कोरलेलं कॅलिबर आणि काडतुसाच्या बुडावरचं नाव शब्दशः जुळतंय का ते दर वेळी बघायचं. मग २५ यार्डांवर लक्ष्य लावून, रायफल सँडबॅगवर घट्ट बसवून, बोल्ट काढून मागून नळीतून बघायचं. काळा ठिपका नळीच्या मधोमध आला की रायफल न हलवता स्कोपची फुली त्याच ठिपक्यावर आणायची. बोल्ट घालून एक गोळी मारायची. बहुतेक स्कोपचा एक क्लिक १०० यार्डांवर पाव इंच सरकवतो; म्हणजे २५ यार्डांवर इंचाचा सोळावा भाग, एक इंच सरकायला १६ क्लिक. इथे लोक चार क्लिक फिरवून "स्कोप चालत नाही" म्हणतात. पंचविसावर जमलं की शंभरावर जायचं. तीन गोळ्या मारायच्या, तिघींचा मध्य काढायचा, मध्यावरून क्लिक करायचे, एकेका गोळीमागे धावायचं नाही. प्रत्येक तीन गोळ्यांनंतर नळी हाताला गार लागेपर्यंत थांबायचं. या रायफलींच्या नळ्या पातळ, तापल्या की गोळी सरकते. शेवटी शिकारीच्याच काडतुसांनी १०० यार्डांवर दीड ते दोन इंच वर बसवली, की दोनशेपर्यंत सरळ मध्यावर धरून मारता येतं. सरावाचं आणि शिकारीचं काडतूस एकाच जागी बसेल असं गृहीत धरू नका. बहुधा बसत नाही. म्हणून त्या ४४ डॉलरच्या डब्यातले सहा-सात राउंड रेंजवर खर्ची घालायचेच.

मचाणावर चढताना रायफल रिकामी. आधी माणूस वर, मग दोरीने रायफल, नळी खाली करून. घरात मुलगा सहा वर्षांचा आहे, तेव्हा रायफल कुलपात आणि काडतुसं दुसऱ्या कुलपात. रायफलीसोबत बहुधा तारेचं कुलूप येतं. ते बोल्ट उघडून ॲक्शनमधून ओवायचं असतं, चापाभोवती नाही. टेक्सासात १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेली बंदूक निष्काळजीपणे लागू देणं हा गुन्हा आहे.

राहिला मोहोळचा ऊस. ती रायफल इकडे आणता येणार नाही. सुट्टीला येणाऱ्या साध्या माणसाला परदेशी बंदूक सामानातून आणायची मुभा नाही. नामांकित नेमबाजांना सवलत आहे, तुमच्या भावाला ती लागू नाही. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारच बंद आहे. पीक संरक्षणासाठी शस्त्र परवाना मिळू शकतो आणि त्यावर इशापूरच्या सरकारी कारखान्यातली ३१५ बोअरची बोल्ट-ॲक्शन घेता येते, पण हातात परवाना आहे म्हणून डुक्कर मारता येत नाही. त्याला वनखात्याची लेखी परवानगी वेगळी लागते. नान्नजकडच्या माळावर काळवीटही फिरतात. अंधारात चुकून एक पडलं तर तो सगळ्यात वरच्या अनुसूचीतला गुन्हा. नुकसान झालं की त्याच दिवशी वनरक्षक आणि तलाठ्याला कळवून पंचनामा मागा. उसाभोवती सौर कुंपण घालायचं तर खालची तार जमिनीपासून वीतभर उंचीवर हवी, नाहीतर डुक्कर खालून नाक घालून शिरतं. तारेला लागलेलं गवत दर आठवड्याला काढा, ओलं गवत झटका जमिनीत उतरवतं. आणि तारेत घरचा करंट कधी सोडू नका. त्याने डुकराआधी पाणी द्यायला आलेला माणूस मरतो.

भाऊ जानेवारीत येतोय म्हणता, तर त्याला आत्ताच कळवा : रेंजवर नेलेली बॅग, जॅकेट, पँट यांतलं काहीही भारतात आणू नकोस. अस्तरात अडकलेला एक जिवंत राउंड विमानतळाच्या एक्स-रेमध्ये दिसला तरी शस्त्र कायद्याच्या कलम २५ खाली गुन्हा नोंदतो, "विसरलो" म्हटल्याने विमान थांबत नाही, आणि मग गड्डा संपेपर्यंत वकिलाच्या दारात उभं राहावं लागतं. बॅग नवी घ्यायला सांगा. पुतण्याला खेळायला म्हणून रिकामी पुंगळीसुद्धा आणू नको म्हणावं.